पहिली वेलांटी

मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. काल वहिनी येऊन तुझं पत्र देऊन गेली. चहा घेतला नाही, बसलीही नाही, चपला पायातच ठेवून दारात उभी राहिली. तुझे गुडघे आता बरे आहेत म्हणाली, ऐकून बरं वाटलं. माझं ठीक चाललंय. चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची घाई आहे. दिवसाला साठ पानं तपासते आणि घरी येताना दुकानांच्या पाट्यांवरच्या चुकासुद्धा डोळ्यांत खुपतात. ‘कानामात्रा’ हे नाव तूच ठेवलंस ना मला? तुझ्या निबंधाच्या वहीत मी पेन्सिलीने वेलांट्या सुधारायचे आणि तू माझी वेणी ओढायचास.

तर तुझं पत्र. पहिल्या पानावर खुशाली, दुसऱ्या पानावर काम. पत्रकाचं हस्तलिखित वहिनीजवळ दे, म्हणजे प्रकरण मिटेल, असं लिहिलंयस. मिटेल म्हणे! काय मिटेल रे? घड्याळजींचा हात जुळून येईल?

रविवारी मी त्यांना भेटून आले. तू गेला नाहीस, आणि जाणारही नाहीस, म्हणून सांगते. बाबांचं भिंतीवरचं घड्याळ तीस वर्षं त्यांनी चालू ठेवलं. वीस वर्षं ते तुमच्या पंथाच्या सभेत तुझ्या शेजारी बसून प्रार्थना करायचे. गेल्या वर्षी यायचे बंद झाले. भांडण नाही, गाजावाजा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, ‘मला आता पटत नाही हो.’ एवढाच त्यांचा गुन्हा. मग तुझं पत्रक निघालं आणि चौथ्या दिवशी, भर दुपारी, तिघं कोयता घेऊन दुकानात शिरले. एकाच्या खिशात पत्रकाची घडी होती. घड्याळजींनी हात वर केला म्हणून मान वाचली. मनगटातली शीर तुटली, बोटांना जाणीव उरली नाही. माझ्यासमोर त्यांनी डाव्या हाताने चिमट्यात एक बारीक स्क्रू धरून पाहिला. तीनदा पडला. ‘डावा हात नवीन उमेदवार आहे, शिकेल हळूहळू,’ असं म्हणून ते हसले. मला हसता आलं नाही. मी खाली बसून त्यांचा स्क्रू शोधत राहिले.

आणि तू पोलिसांच्या चौकशीत काय सांगितलंस? अधिकारी छापखान्यात आले होते, त्यांनी तुझा जबाब मला वाचून दाखवला. ‘माझा मूळ शब्द शीर, म्हणजे नस. अहंकाराची नस. छापखान्यातल्या प्रूफ तपासणाऱ्या बाईंनी त्याचं शिर केलं, म्हणजे डोकं, आणि अर्थाचा अनर्थ झाला.’ बाईंनी! बहिणीने म्हणायला जीभ रेटली नाही का? सगळं खापर एका वेलांटीवर फोडून मोकळा झालास.

हे बघ, या धंद्यात माझे केस पांढरे झालेत. तुझी ओळ माझ्यासमोर आहे, तुझ्याच वळणदार अक्षरात. ‘जो पंथ सोडेल त्याचे शीर खांद्यावर राहता कामा नये.’ नस स्त्रीलिंगी असते, दादा. नस म्हणायची असती तर तू ‘त्याची शीर’ लिहिलं असतंस. ‘त्याचे’ लिहिलंस. आणि खांद्यावर काय असतं ते शाळेतल्या पोरालाही कळतं. तुझी वेलांटी चुकली होती, अर्थ नव्हता चुकला. मी दुसरीची पहिली केली, एवढंच.

तू लिहितोस, हा आमच्या श्रद्धेवरचा घाला आहे, आम्हाला आमचा धर्म पाळायचं स्वातंत्र्य आहे. आहेच. कोण नाही म्हणतंय? पहाटे चारला उठून तू मोठ्याने प्रार्थना करायचास, मी कानावर उशी घेऊन पडून राहिले, एका शब्दाने बोलले नाही. मी तुमच्यातली नाही म्हणून तू माझ्या घरचं पाणी पिणं बंद केलंस, तेही सोसलं. आम्ही सगळे नरकात जाणार असं खुशाल मान. भर चौकात उभा राहून सांग. मी ऐकेन आणि भाजी घेऊन घरी जाईन. पण माणसाच्या मानेवर बोट ठेवून दाखवायचं आणि वर त्याला धर्म म्हणायचं? तुला पंथात राहायची मुभा आणि घड्याळजींना त्यातून निघायची नाही? हे कुठलं स्वातंत्र्य, जे तुमच्या दाराशी येऊन संपतं? संताप संताप होतो माझा. अक्षर बिघडलंय, तरी पत्र फाडून पुन्हा लिहिणार नाही.

आता जे लिहायचं म्हणून बसले होते ते. तीन पानं टाळत आले.

अधिकाऱ्यांनी मलाही विचारलं होतं, ‘तुम्ही ही ओळ वाचली तेव्हा अर्थ लक्षात आला नाही?’ मी म्हटलं, ‘आम्ही अक्षरं बघतो साहेब, अर्थ नाही.’ खोटं बोलले. त्या ओळीवर माझं बोट थांबलं होतं. मी ती दोनदा वाचली. मालकांनीसुद्धा वाचली आणि माझ्या टेबलाशी आले.

‘ताई, हे असं छापायचं?’

‘धर्माचं आहे मालक. शब्द त्यांचे, आपण फक्त शुद्धलेखन बघायचं.’

‘तुमचे भाऊच ना? बघा बुवा. तुमच्या भरवशावर छापतो.’

मी हस्तलिखितावरच लाल शाईने वेलांटी बदलली, खाली ‘छापण्यास योग्य’ लिहिलं आणि सही केली. मनात म्हटलं, दादाची बोलायचीच तऱ्हा अशी आहे, आणि कुणाच्या श्रद्धेत आपण कशाला हात घाला? तुला बोलायला मी घाबरले, आणि त्या भित्रेपणाला धर्माचा आदर असं गोंडस नाव दिलं. ती एक ओळ मी अडवू शकत होते. घड्याळजींना हे मी रविवारी सांगितलं. ते मान खाली घालून डाव्या हाताने चिमटा पुसत राहिले.

उद्या दहा वाजता मी अधिकाऱ्यांकडे जाणार आहे. आधी माझा जबाब बदलीन, मग हस्तलिखित देईन. त्यावर तुझं अक्षर आहे आणि माझी सही आहे, दोन्ही त्यांना दिसू देत. छापखान्यातली नोकरी बहुधा जाईल. मालकांना आज संध्याकाळी सगळं सांगून आले. वहिनीवर चिडू नकोस. तिने माझ्याकडे हस्तलिखित मागितलंच नाही. पत्र हातात दिलं, जिना उतरताना मागे वळून पाहिलं आणि गेली.

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. त्यात तू ‘चूक’ हा शब्द तीन ठिकाणी लिहिलायस, तिन्ही वेळा पहिला उकार. लाल पेन हातात घेतलं होतं, पण टोपण लावून ठेवून दिलं. यापुढे तुझी चूक मी दुरुस्त करणार नाही.

तुझीच,
कानामात्रा