अठ्ठेचाळिसावा दिवस

२४ ऑगस्ट १९९४
पोचले एकदाची तंजावूरला! व्हायोलिनसाठी दोन महिन्यांची रजा मागितली तेव्हा सांगलीची आख्खी बँक हसली. हसोत. राजवाड्यामागच्या गल्लीत माझ्या नव्या गुरुजींचं, अप्पाजींचं घर. बाहेर सगळ्या पाट्या तमिळ, घरात मात्र आपली मराठी, जराशी जुनी, तमिळ हेलाची. त्यांची मुलगी सुंदरीअक्का ‘जेवाला या अम्मा’ म्हणाली आणि मी विरघळलेच. अप्पाजींचा डावा हात कायम कापडात घट्ट बांधलेला. वात आहे म्हणे.

२६ ऑगस्ट
आज अप्पाजींनी घराण्यातलं वर्णम, म्हणजे कर्नाटकी संगीतातली रियाजाची रचना, गाऊन दाखवलं. चौदा मात्रांचा ताल, आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट. चौपटीत बोटं कुठे ठेवायची तेच कळेना. माझ्यानंतर कोणालाच जमलं नाही, म्हणाले. असं कोणी म्हटलं की मी पेटतेच. अट एकच: एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, रोज वाजवायचं. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मांडीवरचं पंचांग बराच वेळ चाळून त्यांनी उद्याचाच मुहूर्त दिला.

१९ सप्टेंबर
चोविसावा दिवस. जमिनीवर बसून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून वाजवायची सवय झाली. बोटं सरकावीत म्हणून खोबरेल लावते. दुप्पट जमली, चौपटीत करंगळी दगा देते. अप्पाजी शाबासकी म्हणून देत नाहीत. माझ्या बोटांकडे बघत बसतात, भुकेल्यासारखे. खडूस म्हातारा.

१२ ऑक्टोबर
सत्तेचाळीस झाले! आणि उद्या नवमी, सरस्वतीपूजा. सुंदरीअक्काने माझं व्हायोलिन पूजेत मांडून टाकलं. उद्या वाद्याला हात लावायचा नाही, परवा दसऱ्यालाच उचलायचं. आमच्याकडे खंडेनवमीला तेच करतात, मला आधी कसं सुचलं नाही? पुन्हा एकपासून मोजायला रजा कुठे उरलीय? रडकुंडीला येऊन अप्पाजींना विचारलं, तर म्हणाले, तुझं तू बघ.

१३ ऑक्टोबर
दुपारी दोघं देवळात गेली. मी व्हायोलिन उचललं. देवी, माफ कर. चौपट आली, एकही चूक नाही! पण गज खाली ठेवला तरी डावी बोटं थांबेनात. व्हायोलिन जागच्या जागी ठेवलं, पुसलेलं कुंकू पुन्हा लावलं. बोटं हवेतच वाजवताहेत.

१४ ऑक्टोबर
सकाळी अप्पाजी डाव्या हाताने केळं सोलत होते. कापड नाही. हात स्वस्थ. सुंदरीअक्का आनंदाने रडत शेजाऱ्यांना सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, वाटत होती. मी माझा हात पुढे केला, तर तिने सरळ सांगून टाकलं. एकतीस वर्षांपूर्वी अप्पाजींनीही पूजेतलं व्हायोलिन उचललं होतं. तेव्हापासून बोटं थांबली नव्हती. दुसऱ्या कोणी हे वर्णम शिकून, आपणहून तेच केलं की सुटका. पंचांग त्यासाठीच पाहिलं होतं. आता तुम्हीही कोणाला तरी शिकवा, म्हणाली. मी लगेच मनात नावं आठवू लागले. लाज वाटते लिहायला.

१६ ऑक्टोबर
झोप नाही. हात बांधला तर भिंतीवर ठेका. दोन नखं निघाली— अप्पाजी आले, कान देऊन ऐकलं. म्हणाले, करंगळी अजून कच्ची—

१७ ऑक्टोबर
कोणालाही शिकवणार नाही. स्वयंपाकघरातून विळी आणलीय. उजवा हात अजून माझा आहे. उजव्याने डावा— नाही, थांब— पेन गजासारखं आडवं चाललंय, मी नाही— मागे, पुढे, मागे—