सतरा नंबरची खाट

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग म्हणायची सोय नाही, आठांतलं एक अंग प्लास्टरात आहे. शाळेच्या जिन्यावरून पडलो. पायऱ्या नुकत्याच पुसल्या होत्या आणि मी मुलांना जपून चाला म्हणून ओरडत होतो.

आता मुद्द्याचं. आपले वडील सापडले. तुझ्याच गावच्या सरकारी दवाखान्यात आहेत, दुसरा मजला, खाट नंबर सतरा. तिथल्या समाजसेविका बाईंचं पत्र आलं. वडिलांनी आपल्या जुन्या घराचा पत्ता सांगितला आणि तिथल्या शेजाऱ्यांनी माझा. काळीज थकलं आहे, महिनाभर काढतील असं डॉक्टरांचं म्हणणं.

मला महिनाभर हलता येत नाही. तू जा. ते निघून गेले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि मी आईच्या पोटात, म्हणजे राग धरायचा हक्क तुझा मोठा. पण जाणाऱ्या माणसाला माफ करावं ताई. त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी. नाहीतर मागे राहणाऱ्याला जन्मभर टोचत राहतं. आणि माझं एक काम कर. ते गेल्यावर एक मुलगा झाला हे त्यांना कधी कळलं का, तेवढं विचार.

तुझ्या मायेवर आणि तुझ्या बोलण्यावर वाढलेला,
मास्तर


ता. ९ फेब्रुवारी

चि. मास्तरास आशीर्वाद,

पाय उशीवर ठेव आणि बायकोला सारख्या हाका मारू नकोस. ती तुझी शिपाई नाही.

पत्र लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं. अर्धं वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं, उरलेलं घरी वाचलं. तू म्हणतोस माफ कर. कुणी ठरवलं रे हे? म्हणतात मात्र सगळेच. माझ्या शेजारी इस्त्रीवर उभी असते ती म्हणाली, कसाही असला तरी बाप आहे. मुकादमबाई म्हणाली, मरताना माणूस सुधारतो. मी विचारलं, तुमच्यापैकी कोण मरून बघून आलंय?

आईने शिवणाची मशीन चालवून डोळे घालवले, पण त्याच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही. सगळे तिला थोर म्हणाले. मला तेव्हाही कळलं नाही, यात थोर काय? दोन शिव्या घातल्या असत्या तर जरा मोकळी तरी झाली असती. माझी शाळा तिसरीत सुटली, तू पुष्कळ शिकलास, तर मला समजावून सांग. चूक त्याची आणि टोचणी मला, हा कुठला हिशोब?

मी जाणार नाही. म्हणजे रविवारपर्यंत तरी नाही. रविवारी सुट्टी असते.

जशी आहे तशीच तुझी,
ताई


ता. १७ फेब्रुवारी

चि. मास्तरास आशीर्वाद,

जाऊन आले. तुझं तोंड बंद व्हावं म्हणून गेले, दुसरं कारण नाही.

भेटायची वेळ चार ते पाच. दुसऱ्या मजल्यावर भिंतींना रंग चालू, खाटा दाटीवाटीने लावलेल्या, फिनेल आणि रंगाच्या वासाने डोकं उठलं. आमच्याकडे कसं, गाठोड्याला पितळी बिल्ला असतो. नंबर बघायचा, गाठोडं उचलायचं, कुणाचं नाव वाचत बसायचं नाही. वीस वर्षांत माझ्या हातून एक चादर चुकीच्या हॉटेलात गेली नाही. तशीच सरळ सतरावर गेले.

अर्धा चेहरा लोंबलेला, एक हात निकामी, वाचा गेलेली. काळीज थकल्याचं लिहिलंस, वाचेचं काही लिहिलं नाहीस. पण बघितल्याबरोबर ओळखलं. आपलं माणूस हजारांत ओळखू येतं म्हणतात ते खरं आहे. नाक अगदी तुझं.

स्टूल ओढलं, बसले आणि सुरू झाले. आईचे डोळे, माझी शाळा, तू तापाने फणफणला होतास आणि घरात मोठं माणूस कुणी नव्हतं, सगळं काढलं. आजूबाजूचे पेशंट ऐकत होते. ऐकेनात का! तो नुसता बघत राहिला. मग त्याच्या एका डोळ्यातून पाणी यायला लागलं. दुसरा डोळा हलतच नाही. चालता हात त्याने माझ्या हातावर ठेवला आणि सोडेना. मी काय करणार? म्हटलं, जा, झालं गेलं, केलं माफ. तुझंही विचारलं. त्याने हात दाबला, म्हणजे माहीत असावं.

घरी आले तर अंग इतकं हलकं की जिना चढताना कठडा धरला नाही. पोटभर जेवले. तुझं बरोबर होतं मास्तर. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

तुझी, आज जरा मऊ झालेली,
ताई


ता. २३ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार,

वाक्य फ्रेम करून घेणार होतो, पण आज दवाखान्याच्या बाईंचं दुसरं पत्र आलं. त्या विचारतात, पेशंटला भेटायला अजून घरचं कुणीच कसं आलं नाही? पुढे लिहितात की रंगकामामुळे खाटांची अदलाबदल झाली, वडिलांना दहा तारखेलाच तळमजल्यावर हलवलं आहे, आता खाट नंबर चार. आणि त्यांची वाचा उत्तम आहे, जरा जास्तच उत्तम.

ताई, तू माफ केलंस कुणाला?

उत्तराची वाट पाहणारा, लंगडा,
मास्तर


ता. २८ फेब्रुवारी

चि. मास्तरास आशीर्वाद,

तुझं पत्र वाचून मी जिन्यातच बसकण मारली. शेजारीण विचारायला लागली, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कुणी नाही.

चार नंबरला जाऊन आले. या वेळी नाव विचारलं, दोनदा. हा आपलाच. गुळगुळीत दाढी केलेला, शेजारच्या खाटेवरच्याला गळ टाकून मासे कसे धरायचे ते सांगत होता. नाक बटाट्यासारखं, तुझं काहीएक नाही. मी कोण ते सांगितलं. हो का, म्हणाला, बस. घर का सोडलं विचारलं तर म्हणाला, तिथे जीव रमेना. आणि वर सांगतो की त्यानंतर जन्मभर झोप छान लागली. डॉक्टरसुद्धा कौतुक करतात म्हणे. तुझं विचारलं. मुलगा झाला होय, म्हणाला. मास्तर आहे म्हटल्यावर डोळे चमकले. शिकलेला आहे तर अर्ज लिहून मला खिडकीजवळची खाट मिळवून देईल का, असं विचारलं. तुला लिहू नये असं वाटलं होतं, पण मला लपवता येत नाही.

मी बोलायला तोंड उघडलं तर आत काही नव्हतंच. सगळं वरच्या मजल्यावर देऊन आले होते, पुन्हा कुठून आणू? राग नाही, माया नाही. बसमध्ये शेजारी कुणी बसावं तसा तो.

आता तू सांग, तू शिकलेला. मी हलकी झाले ती खरीच ना? कठडा धरला नव्हता, शपथेवर सांगते. मग हलकी झाले ती कशाने? माफ केल्याने, की नुसतं ओरडल्याने? आणि मरताना माणूस सुधारतो म्हणतात, तर ज्याने सुधारायचं तो माशांच्या गोष्टी सांगतोय आणि ज्याचा माझा संबंध नाही तो रडतोय. तो का रडला? त्यानेही कुणाचं काही केलं असेल तर ते माफ करणारी मी कोण? डोक्याचा भुगा झालाय. काल चादरींच्या अख्ख्या थप्पीला उलटी घडी घातली. मुकादमबाई काही बोलली नाही, म्हणजे चेहरा काय झाला असेल बघ.

निघताना उगाच वर गेले. सतरावाल्याने मला बघितलं आणि हात पुढे केला. त्याच्याकडे कुणी येत नाही, असं नर्स म्हणाली. बसले थोडी.

तुझी गोंधळलेली,
ताई


ता. ५ मार्च

ती. ताईस नमस्कार,

खिडकी! अडतीस वर्षांनी माणूस खिडकी मागतो!

ताई, मला राग आला आहे. कधी येत नव्हता असं नाही, पण एवढा मोठा माझ्यात मावतो हे ठाऊक नव्हतं. गेल्या आठवड्यात वर्गाला क्षमेवर निबंध लिहायला दिला होता. वह्या घरी आल्या आहेत आणि तपासवत नाहीत. एकाने लिहिलंय की क्षमा केल्याने मन शांत होते. त्याखाली लाल शाईने कसं ते लिही असं लिहिलं आणि मग खोडलं, कारण मीच ते फळ्यावर लिहून दिलं होतं.

प्लास्टर बाराला निघतं. चौदाला येतो. माफ करायला नाही, तुझ्यासारखं समोर बसून सुनवायला. एकदाच. तोवर त्यांना टिकव.

तुझा, पहिल्यांदाच तुझ्यासारखा,
मास्तर


ता. १० मार्च

चि. मास्तरास आशीर्वाद,

हे पत्र तू निघायच्या आत पोचावं. तो गेला. सात तारखेला, चारच्या सुमारास.

तुझं पत्र त्याच सकाळी मिळालं होतं. अर्धी रजा काढून निघाले. चौदापर्यंत मरायचं नाही, माझा भाऊ भांडायला येतोय, असं त्याला सांगायचं होतं. पण आधी वर गेले. का ते विचारू नकोस. वॉर्डाच्या दाराशी एक बाई उभी होती, माझ्याच वयाची, प्रवासाने चुरगळलेली, हातात जड पिशवी. सतरावाल्याची मुलगी. दवाखान्याने तिलाही शोधून काढलं होतं. ती आत जाईना. मी रोजची समजून तिने मला विचारलं, हा माणूस कधी कुणाला चुकलं म्हणाला का? मी म्हटलं, त्याला बोलता येत नाही, पण एकदा रडला. केव्हा, विचारलं. मी खरं तेच सांगितलं, चांगलं झापल्यावर. तिने पिशवी माझ्या हातात दिली, आत गेली आणि पडदा ओढून घेतला.

तेवढ्यात नर्स जिना चढून आली. चार नंबरवाले गेले, चला म्हणाली. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे एका बाईची पिशवी आहे. पडद्याआडून आवाज येत होता, चढा, माझा असतो तसा. मी काही ऐकलं नाही. ऐकायचा हक्क नव्हता. ती बाहेर येईपर्यंत उभी राहिले, मग खाली गेले. झोपल्यासारखा दिसत होता. सही केली, पुढचं दवाखान्याने केलं.

आता जो तो सांगतो, तुला पस्तावा होईल, शेवटी जवळ नव्हतीस. तीन दिवस वाट बघतेय. येत नाही. दुसरं काहीतरी येतं, त्याला काय म्हणतात ते कळत नाही. दुःख म्हणावं तर भूक लागते.

तुझं मात्र राहिलं. मी त्याला टिकवला नाही. तरी चौदाला ये. पाय आखडला असला तरी ये. टेबलाशी समोरासमोर बसू, आणि त्याला जे सुनवायचं होतं ते मला सुनव. अगदी आवाज चढवून. मी मध्ये बोलणार नाही, एवढं कबूल करते, माझ्यासाठी ते किती अवघड आहे ते तुला माहीत आहे. मी चुकीचं माणूस आहे हे खरं. पण माझंही चुकीच्याच माणसावर भागलं.

ये, उशीर करू नकोस, आणि मला असंच भांडायला जवळ ठेव.

तुझी,
ताई