एस्कोचा ट्रक आणि डेलमरचा तारेचा ब्रश

मी, लुव्हर्ना काउडिल, कै. एस्को काउडिल यांची बायको, राहणार लॉरेल खोरे, केंटकी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, छाती नाही. पानगळ दिसायची नाही असं डॉक्टर म्हणतात. शाळा फार झाली नाही, अक्षर लावून घ्यावं. आज मला अतिशय आनंद झालेला आहे, हेही नोंदवते.

कलम १. घर, गोधड्या व कोंबड्या नात ट्रेसा हिला. तांबडी कोंबडी लाकडांमागे अंडी लपवते.

कलम २. एस्कोचा पिकअप ट्रकही ट्रेसालाच. याच ट्रकमधून एस्को चर्चच्या उतारावरून खाली गेला आणि ओकच्या झाडावर संपला. त्याचा धाकटा भाऊ डेलमर, आमचा उपदेशक, भर सभेत म्हणाला, "बाटलीनं नेलं माझ्या भावाला." आमच्याकडे माणूस गेल्यावर वर्षानं थडग्यापाशी सगळे जमतात, जेवणं मांडतात, त्याच्या नावानं प्रवचन होतं. एस्कोचं झालंच नाही. डेलमर करेना, म्हणून दुसराही कोणी करेना. एस्को त्या दिवशी ताक पिऊन निघाला होता. मीच दिलं होतं, मीठ घालून.

मरण्याआधी तो कुरकुरायचा, "ब्रेक दाबला की पेडल लाथा मारतं गं, स्टिअरिंग थरथरतं." ब्रेकच्या नव्या डिस्क, चाकाबरोबर फिरतात त्या चकत्या, डेलमरनंच बसवल्या होत्या. तो म्हणे, "बसतील हळूहळू. देवावर भरवसा ठेव."

ट्रेसा खाणीचे ट्रक दुरुस्त करते. या वसंतात तिनं गोठ्यातल्या ट्रकवरची ताडपत्री काढली. डिस्क डुलते का ते मोजायचं काट्याचं घड्याळ लावून चाक फिरवलं, तर काटा म्हाताऱ्याच्या मानेसारखा डुलायला लागला. डिस्क उतरवून म्हणाली, "आजी, हे बघ. हबवर, डिस्क बसते त्या चाकाच्या तुंब्यावर, जुना गंज, डिस्कखाली दबून चपटा झालाय. न घासताच चढवलीय. तिरकी फिरून कुठं जाड राहिली, कुठं झिजली."

"म्हणून गेला का गं तो?"

"वळणावर पेडलवरून पाय उडाला असेल का, ते मला नाही सांगता येणार. पण पेडल उसळत होतं, हे शपथेवर सांगेन."

तिनं माझ्या तारेच्या ब्रशनं हबचा गंज घासला, नव्या डिस्क घातल्या, ट्रकचं चेपलेलं तोंड ठोकून सरळ केलं. काटा गप्प. मग ट्रकमध्ये तिच्याशेजारी बसून, मांडीवर ताकाचा पेला धरून मी तोच उतार उतरले. थेंब सांडला नाही. लग्नातसुद्धा इतकी हसले नव्हते.

ट्रेसा, चाकाचे नट समोरासमोरचे, सारख्या जोरानं आवळ. उतारावर खालचा गिअर. ब्रेक तापले असतील तर ट्रक थांबल्यावर पेडल दाबून धरू नकोस.

कलम ३. डेलमरला सगळं दाखवलं. म्हणाला, "वहिनी, मेलेल्याची माती कशाला उकरता?" मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही टाकलीत, मी उपसते." टोपी घालून निघून गेला.

ओढ्याकाठचं शेत, ज्यावर त्याचा डोळा आहे, ते त्याला द्यावं, मात्र त्यानं ट्रेसाशेजारी बसून तो उतार उतरावा, आणि थडग्यापाशी सर्वांसमोर म्हणावं, "माझा भाऊ शुद्धीवर होता. डिस्क मी बसवल्या." मग एस्कोचं प्रवचन करावं. न केल्यास शेत ट्रेसाला, आणि डेलमरला माझा तारेचा ब्रश.

कलम ४. एस्कोचं प्रवचन झाल्याशिवाय माझं करू नये. दोघंही तशीच पडून राहू. मला त्याची सवय आहे.

सही: लुव्हर्ना काउडिल
साक्षीदार: ऑर्विल कूम्ब्स, शेजारी, नेल्डा फुगेट, टपालवाली. (दोघांनी ताक प्यायलं. दोघंही शुद्धीवर.)
लॉरेल खोरे, १९ मे २०१४