वहिनीने तापवलेलं पाणी

आई, तुझा निळा टब आता माझ्या न्हाणीघरात आहे. नळाखाली, बादलीला टेकून उभा. त्याच्या काठाचा एक भाग वितळून आत वळलेला आहे. तो कशाने वितळला हे मला तीन महिन्यांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं आणि वहिनीला मात्र एकोणीस वर्षांपासून माहीत होतं. तुला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर मी कागद घेऊन बसले आहे, त्याचं कारण एवढंच. माझ्या वयाच्या बाईने आपल्या भावजयीचा हेवा करू नये, हे मला कळतं. तरी करते. तुलाच सांगितलेलं बरं, कारण तो तुझ्यावरूनच आहे.

दुखणं तसं साधं. तुला नव्याने सांगायला नकोच. उन्हाळ्यात शाळेत पाणी प्यायचं मी जवळजवळ बंद केलं होतं. शिक्षिकांसाठी एकच संडास, त्याची कडी धड लागत नाही, म्हणून आम्ही साऱ्याजणी सकाळपासून घसा कोरडा ठेवून शिकवतो आणि घरी आल्यावर तांब्याभर पाणी पितो. पोट कडक झालं आणि एका सकाळी शौचाला बसले असताना काहीतरी फाटलं. काचेने कापावं तसं. भांड्यात लाल भडक थेंब. कापल्याची आग थोड्या वेळाने कमी झाली, पण मग आतून कुणीतरी मूठ आवळून धरावी तशी कळ सुरू झाली ती पार शाळेतल्या तिसऱ्या तासापर्यंत. दुसऱ्या दिवशी भीतीने गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त फाटलं. मग रोज तेच. भीतीने थांबवायचं आणि थांबवल्याने आणखी भ्यायचं.

मला वाटलं मूळव्याध. फुलपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात गेले आणि दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत टूथब्रश बघत उभी राहिले. मग हळूच मलम मागितलं आणि कुणी विचारलेलं नसताना सांगितलं, सासूबाईंसाठी हवंय. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. दुकानदाराला ते माहीत आहे, त्यानेच त्यांची औषधं दिली होती. त्याने ट्यूब कागदात गुंडाळून दिली. त्या मलमाने काही झालं नाही. शाळेत मी खुर्ची सोडली. टीचर्स रूममध्ये उभ्यानेच वह्या तपासायचे, तर गणिताच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, मुलांना उभं करायचं सोडून तुम्हीच शिक्षा घेतलीत वाटतं." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी नवऱ्याला सांगितलं, कंबर धरली आहे.

तुझ्या तिथीला माहेरी, सांडोरला गेले. वाडीत केळी आहेत अजून, तुझ्या वेळेपेक्षा कमी, पण आहेत. ओटीवर पानं मांडली होती. तुला आवडायचं म्हणून वहिनीने वालाचं बिरडं केलं होतं. मी वाढायला घेतलं आणि वाढतच राहिले. भाऊ दोनदा म्हणाला, बस आता. शेवटी बसावंच लागलं. मी एक गुडघा टेकला, भिंतीला हात धरला, एका मांडीवर भार टाकत तिरकी खाली गेले आणि दुसरी बाजू जरा उचलूनच ठेवली. कुणाला कळणार नाही इतपत. वहिनी समोर ताकाचं भांडं घेऊन उभी होती. ती बघतच राहिली. जेवणं उरकल्यावर तिने मला विहिरीकडे चला म्हटलं आणि पंपाच्या खोलीपाशी थांबून सरळ विचारलं, "ताई, रक्त पडतं का?"

मी म्हटलं, कशाचं रक्त.

"आई अश्शाच बसायच्या," ती म्हणाली. "भिंतीला हात लावून. डावी बाजू उचलून."

आई, त्या क्षणी मला दुखण्याची लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगू? तू कशी बसायचीस हे हिला माहीत आहे आणि मला नाही. तेवीस वर्षं तुझ्या घरात वाढले, तुझ्या केसांना तेल लावलं, तुझ्या पायाच्या भेगा मला पाठ होत्या, आणि तुझं बसणं मी कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते उभं राहणं. माझ्या मुलीच्या बारशालाही तू उभीच होतीस. कुणीतरी आत्या म्हणालीसुद्धा, बाळाची आजी कशी पाहुण्यासारखी दारात उभी. तू हसून म्हणालीस, बसले तर वाढील कोन. मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, हिला इथून निघायची घाई झाली आहे.

कारण तोवर तुझं ते मला सोडून जाणं झालेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तसं ठरलेलंही होतं, पण मुलीने तीन आठवडे आधीच घाई केली. पोट फाडावं लागलं, टाके होते, म्हणून तू इकडे आलीस. आमची तेव्हाची जागा म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात सासूबाई, नवरा, मी, बाळ आणि तू. सव्वा महिना राहीन म्हणाली होतीस. पहिल्याच दिवशी तू विचारलंस, "मोठा टप हाय का ग तुझ्याकडं?" मी बाळाला घेऊन बसले होते, दूध नीट येत नव्हतं, मी वैतागून म्हटलं, कशाला, बाळाचा टब आहे ना तो. तू म्हणालीस, "असू दे." मी पुन्हा विचारलं नाही. तू जेवत नव्हतीस, मला वाटलं सासूबाईंच्या हाताचं आवडत नाही. तू त्या एकुलत्या एक संडासाच्या दाराकडे बघायचीस आणि नजर वळवायचीस, दार पत्र्याचं, आतलं सगळं बाहेर ऐकू येणारं आणि बाहेर जावई पेपर वाचत बसलेला. यातलं काही मी तेव्हा पाहिलं नाही. आत्ता, हे लिहिताना बघते आहे. पाचव्या दिवशी तू पिशवी भरलीस. वाडीत पाण्याची पाळी आहे म्हणालीस, केळी सुकतील. टाके पडलेल्या लेकीला टाकून केळ्यांना पाणी द्यायला गेलीस.

मी फोनवर बोलले ते तुला आठवतं का? मला शब्दन् शब्द आठवतो. मी म्हटलं, तुला आता सून मिळाली आहे, लेकीची काय गरज. तू पलीकडून म्हणालीस, "तसंच समज, बाय."

मी तसंच समजले. आणि दोन वर्षांनी वहिनी बाळंत झाली, तिला आई नव्हती, तेव्हा तू तिचा सव्वा महिना अगदी दिवस मोजून केलास. मेथीचे लाडू, शेक-शेगडी, सगळं. मला बाय म्हणायचीस, तर तिलाही बाय म्हणायला लागलीस. मी तेव्हा सांडोरला आले की तिच्या बाळाला घ्यायचे आणि तुम्हा दोघींकडे बघत राहायचे. तुम्ही दोघी रोज दुपारी पंपाच्या खोलीकडे जायचात, ती हातात पातेलं घेऊन, तू मागून. दार लागायचं. मला वाटायचं, सासू-सुना मला वगळून काहीतरी बोलतात.

त्या खोलीच्या दाराशीच वहिनीने मला सगळं सांगितलं. फुलपाड्याहून परतलीस तेव्हा तुला रिक्षातून उतरता येत नव्हतं. पाच दिवस तू परसाकडे गेलीच नव्हतीस. संध्याकाळी गेलीस आणि ओरडलीस, तेव्हा नवीन लग्न झालेली ती घाबरून धावली आणि तुझ्या लुगड्यावरचं रक्त तिने पाहिलं. तुझा नाइलाज नसता तर तिलाही सांगितलं नसतंस, असं ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. दुसऱ्या दिवशी वसईच्या बाजारात जाऊन तिने हा टब आणला. पहिल्याच दिवशी चुलीवरचं पातेलं चुकून त्याच्या काठावर टेकवलं, म्हणून तो वितळला. मग आठ वर्षं, जमेल तेव्हा, तिने पाणी तापवलं. बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं कोपराने बघायची. चटका नको आणि थंडही नको. तू डॉक्टरकडे गेली नाहीस. आपल्या वाडीतली माणसं पोटाच्या कुठल्याही तक्रारीवर केळं खातात, तूही खात राहिलीस, घड कापायला आला की अर्धं कच्चंसुद्धा, आणि पाणी मात्र प्यायची नाहीस. त्याने पोट आणखी बांधलं जातं, पण आपण वसईची माणसं आपल्या केळ्याला दोष देणार नाही. तू गेलीस ती वेगळ्याच आजाराने, पण हे दुखणं तू सोबत घेऊनच गेलीस.

"आईंनी ऐकलं नाही," वहिनी म्हणाली. "तुम्ही उद्या डॉक्टरकडे जायचं. नाहीतर मी तुमच्या भावाला सांगेन, आणि ते सगळ्या आळीला सांगतील."

गेले. डॉक्टर बाई आहेत, माझ्याहून लहान. मी मूळव्याध म्हटलं, त्यांनी तपासून सांगितलं, फिशर. ओठाचा कोपरा हिवाळ्यात फाटतो तशी छोटी चीर, फक्त ही रोज पुन्हा फाटते, आणि दुखण्याने तिथला स्नायू आवळतो म्हणून भरायला रक्त पोचत नाही. इतकं साधं, आई. आधी का नाही आलात, त्यांनी विचारलं. मी लाज म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही लाजता, जखम लाजत नाही. ती वाढते." मलम दिलं, तो आवळलेला स्नायू सैल करणारं. त्याने सुरुवातीला डोकं दुखेल, असं बजावलं. रात्री इसबगोल, दिवसभर पाणी, भाज्या, कळ आली की न थांबवता जायचं, कुंथायचं नाही, बसून राहायचं नाही. आणि दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बसायचं. दोन महिन्यांत भरेल, बहुतेकांची भरते. नाहीच भरली तर छोटं ऑपरेशन. वहिनीला फोन केला तर म्हणाली, टब माळ्यावर आहे, पाठवते. भाऊ स्कूटरवरून घेऊन आला. हा कशाला, असं त्याने विचारलं नाही. मला वाटतं त्यालाही माहीत होतं. म्हणजे घरात हे माहीत नसलेली मी एकटीच राहिले होते.

पहिल्या दिवशी त्या पाण्यात बसले आणि आवळलेली मूठ बोट बोट करून सुटायला लागली. सुखाने डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच तुझा राग आला. हे सुख तुला तिच्या हातचं मिळालं. माझ्याकडे तू टब मागितलास, मी दिला नाही, हे खरं. पण तू एकदाच मागितलास. आणखी एकदा मागायला काय झालं होतं? मला मत्सरात ठेवणं तुला परवडलं, पण दुखणं सांगणं परवडलं नाही.

वहिनी तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला फोन करते. पाण्यात बसलात का, किती वेळ, कोपराने बघितलं का. एकदा मी विचारलंच, पंधरा मिनिटं तुम्ही दोघी आत काय बोलायचात. ती म्हणाली, "तुमचंच. मी पाठ फिरवून वाल सोलत बसायचे आणि आई तुमचं सांगायच्या. ताईचं अक्षर, ताईचा पहिला नंबर, ताई केळीच्या वाळक्या सोपटावर बसून अभ्यास करायची. रोज. मला तर राग यायचा तुमचा. पाणी तापवायचं मी आणि गुणगान तुमचं." ती हसली. मी हसले नाही.

परवा माझ्या मुलीने न्हाणीघरातून हाक मारून विचारलं, "आई, हा जुना टब कशाला ठेवलायस?" ती एकोणीस वर्षांची आहे, सगळं काही मोकळेपणाने बोलते. मी म्हटलं, कपडे भिजवायला. तिने बरं म्हटलं आणि दार लावलं. असंच सुचतं तर. लेकीसमोर असंच पटकन सुचतं, आणि दुसऱ्या कुणासमोर खरं बोलता येतं. हे कळलं म्हणून तुझ्यावरचा राग गेला असं मात्र नाही. कमी झाला. तिला या रविवारी सांगेन म्हणते. बघू.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. टबाखाली ठेवलं तर भिजेल, कपाटात ठेवलं तर मुलगी वाचेल. डॉक्टरांनी परत तपासलं, म्हणाल्या, छान भरलं आहे, आता टब माळ्यावर टाका, पाणी आणि इसबगोल सोडू नका. त्याच संध्याकाळी वहिनीचा सहाला फोन आला, आज कसं आहे, तिने विचारलं. मी म्हटलं, अजून थोडं दुखतं. मग ती पाण्यात बसा म्हणाली, आणि फोन चालू ठेवून तिने सांगितलं की माझ्या पहिल्या पगाराच्या साडीची घडी तू कधी मोडलीच नाहीस, पण वाडीत कुणी पाहुणी आली की ती काढून दाखवायचीस. हे मला माहीत नव्हतं. तिच्याकडे असं अजून किती आहे कोण जाणे.

डॉक्टरांकडे परत जाऊन आज नऊ दिवस झाले, आई. वहिनीला मी बरं वाटतंय म्हणून अजून सांगितलेलं नाही.