राजम्याच्या बर्गरवर चीज

किर्यात गात, १९९९. रविवार, संध्याकाळ.

नात गेली तेल अविवला. वर्ष झालं, तिनं मांस सोडलंय, म्हणून आज दुपारी तिच्यासाठी राजम्याचे बर्गर करायला बसले. तिनंच सांगितलेलं, ओट आणि गाजर घाल, तब्येतीला बरं. घातलं. पण तव्यावर टाकले की फुटायचे. फ्रीजमध्ये कालचा खिमा होता. त्यातला मूठभर मळला आत, लगेच नीट वळले गेले. का केलं मी असं? फुटकं मला कुणाच्या पानात वाढवत नाही, एवढंच ना?

मग तिनं वर चीज मागितलं.

मांस आणि दूध आम्हा यहुद्यांत एका ताटात येत नाही. माझ्या आईच्या घरातही कधी आलं नाही. नको म्हणाले असते, तर तिला तिथंच कळलं असतं आत काय आहे ते. म्हणून चीजची चकती मीच ठेवली, माझ्या हातानं. तिचाही नेम मोडला, माझाही.

खाता खाता हिब्रूत म्हणाली, "आजी, असलं मिळालं तर मांसाची आठवणसुद्धा येत नाही."

निघताना उरलेले चार मागितले. दिले बांधून. प्रत्येकावर चीज ठेवून.