होस्कीआजोबांची टाच

तांबडा कडा, ३ मार्च १९९३

ती. मावशीस,
तुझ्या शहरी भाचीचा शि. सा. न. वि. वि.

पोचले एकदाची. तेरा आठवड्यांची नर्सची नोकरी, राहायला दवाखान्यामागे पत्र्याचं घर आणि दारात कुणाच्या तरी शेळ्या. अशा तीन-तीन महिन्यांच्या नोकऱ्या मी सात राज्यांत केल्या, पण आपल्या नवाहो जमातीच्या माणसांत पहिल्यांदाच आले. निघताना तू म्हणालीस की घरच्यांत चाललीस, मग काळजी कसली! मावशी, काळजी आहे.

होस्की येलोहेअर नावाचे पंचाहत्तरीचे मेंढपाळ आहेत. साखरेचा आजार, उजव्या टाचेला जखम. माझ्या मोडक्या नवाहोत मी त्यांना नीट समजावलं की रोज मलमपट्टीला आला नाहीत तर जखम सडेल आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. खरं तेच सांगितलं ना? त्यांनी टोपी घातली आणि चालू पडले. आज पाचवा दिवस, फिरकलेले नाहीत. दुभाष्या वर्नाबाई तेव्हापासून माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलतात. जखम अजून दहा-बारा दिवस अशीच राहिली तर पाय हाती लागणार नाही.

हवं तर रागाव, पण लवकर लिही.

तुझी,
कार्लेटा


अल्बुकर्की, ८ मार्च १९९३

चि. कार्लेटास,
आशीर्वाद आहेतच, पण आज कान पिळून.

अगं शहाणे, म्हाताऱ्या माणसाला तोंडावर सांगितलंस की तुमचा पाय कापतील! तुझ्या कॉलेजात त्याला माहिती देणं म्हणत असतील. आपल्यात त्याला ते अंगावर घालणं म्हणतात. वाईट बोललं की ते घडायला लागतं. तुला मी लहानाची मोठी केली आणि एवढं साधं शिकवलं नाही. शहरात आपलं बोलणं कुणी मनावरच घेत नाही, म्हणून मीही विसरले. पत्र वाचून फार वाईट वाटलं गं. वर्नाबाईंवर रुसू नकोस, तुझी चूक तोंडावर न काढता त्या तुझी अब्रू सांभाळताहेत.

आता ऐक. होस्कीआजोबांच्या घरी जा. दार वाजवायचं नाही, कुणी बाहेर येईपर्यंत गाडीत बसून राहायचं. हॉर्न वाजवलास तर तू माझी कुणी नाहीस. हात हलकेच मिळव, कुस्ती नको. आधी कूळ सांग, आईचं कूळ कडू पाणी, वडिलांचं उंच घर. मग मेंढ्यांची चौकशी. पायाबद्दल चकार शब्द नको. पीठ, कॉफी, बटाटे घेऊन जा.

वेळेवर जेव. जिभेला तेवढी सुट्टी दे.

तुझी,
आयडेलामावशी


तांबडा कडा, १५ मार्च १९९३

ती. मावशीस,
सुधारलेल्या भाचीचा नमस्कार.

शनिवारी गेले. गाडीत तासभर बसले. तीन कुत्र्यांनी चारही चाकांची तपासणी केली, मग आजोबांची मुलगी बाहेर आली. मी कूळ सांगितलं तर आजोबाही कडू पाण्याचेच निघाले! एकाच कुळाचे, म्हणजे मी नात. त्यांनी सांगितलं की माझे शब्द अंगावरून उतरवायला आदल्याच दिवशी मंत्रवाले आले होते, दिवसभर प्रार्थना चालली. हे बोललं कोण, असं मंत्रवाल्यांनी विचारलं तेव्हा आजोबांनी सांगितलं म्हणे, की शहरातली एक पोर आहे, तिला घरात वळण लावणारं कुणी नसावं. हा तुला टोमणा बरं का! मला मात्र रडू आलं. चुकले, असं मी म्हणाले.

त्यावर त्यांनी मला कामाला जुंपलं. एका मेंढीच्या खुराला जखम होती. मी मेंढी धरली, ते खूर धूत होते. मी विचारलं, किती दिवस धुवायचं? रोज, म्हणाले. पूर्वी कुणा दुसऱ्याच्याच एका मेंढीकडे दुर्लक्ष झालं होतं, तिला कळपामागे जाता येईना. एवढंच बोलले. मी नुसती मलमपट्टीची पिशवी उघडून शेजारी ठेवली. मेंढी सोडून ते उलट्या बादलीवर बसले, स्वतःचा बूट काढला आणि म्हणाले, पिशवी उघडलीच आहेस तर हेही उरकून घे.

मावशी, जखम आधीपेक्षा वाईट आहे, पण अजून हातात आहे. ड्यूटी संपली की रोज जाते. मेंढीपेक्षा ते लाथा कमी मारतात. वर्नाबाईंनी काल गरम तळलेली रोटी पाठवली.

तुझी,
वळण नसलेली पोर


तांबडा कडा, १७ मे १९९३

ती. मावशीस,
घाईतला शि. सा. न. वि. वि.

टाच भरून आली! डॉक्टरांनी आज दोनदा बघितली. मी वर्नाबाईंना मिठी मारली, त्या खांबासारख्या उभ्या राहिल्या. आजोबांनी मात्र ना आभार मानले ना काही. मला जरा लागलंच ते. शुक्रवारी माझी नोकरी संपते, हे त्यांना माहीत होतं.

बूट चढवून उभे राहिले आणि बोटाऐवजी ओठांनीच डोंगराकडे खूण केली. सोमवारी मेंढ्या वरच्या कुरणात न्यायच्या आहेत, म्हणाले. दोन दिवसांची चढण, सगळं पायी, आणि घरचं एक माणूस कमी पडतंय.

एवढं चालणं टाचेला सोसेल का, खडकात घसरलात तर काय, सगळं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. पहाटे किती वाजता निघायचं, एवढंच विचारलं.

काळजी कर हवी तेवढी. फक्त बोलू नकोस.

तुझी,
कार्लेटा