देव बसलेलं मशीन

५ नोव्हेंबर, भोकरदन
पोचलो एकदाचा! पुण्याहून येताना कंबर खिळखिळी झाली, पण मन प्रसन्न आहे. इथला बंद पडलेला कॉम्प्युटर क्लास परवा भंगारात जाणार. त्यात खजिना असू शकतो, हे गावात फक्त मला, जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्याला, ठाऊक. क्लास चालवणारे धर्मराज सर वारले. त्यांच्या पत्नी चतुराबाईंना जागा रिकामी हवीय. भंगारवाला गयासोद्दीन सगळं किलोवर उचलणार. दोघांनीही मला वेड्यात काढलं. काढा बापडे!

६ नोव्हेंबर
एकोणीस मशीन. अठरा निव्वळ डबडी. एकोणिसावं मात्र सत्त्याऐंशी सालचं, मूळ कीबोर्डासकट, मागच्या सीलला कुणाचा हात लागलेला नाही. कॅबिनेट छान पिवळं पडलंय. जुनं प्लास्टिक असंच पिवळं पडतं. अडाण्यांना ती घाण वाटते.

वर हळदीकुंकवाचे थर. चतुराबाई म्हणाल्या, दर खंडेनवमीला पुजलेलं हाय, सर गेल्यापून उत्तरपूजा झाली न्हाई, देव आतच बसून हाय, अक्षता टाकून निरोप देते, मंग खोला. गयासोद्दीनही म्हणाला की उत्तरपूजेबिगर तो पुजलेल्या मशीनचा स्क्रू काढत न्हाई. प्लास्टिकच्या डब्यात देव! मी थिनरनं कुंकू पुसलं आणि दोघांच्या देखत मशीन खोललं. चतुराबाई रडल्या. कमाल आहे या लोकांची.

८ नोव्हेंबर
पुण्याला न्यायला सुतार लाकडी पेटी करून देईपर्यंत मशीन लॉजवर ठेवलंय. कॅबिनेट आपोआप पांढरं होतंय. माझी नखं मात्र पिवळी झालीत, तळवेही. जालन्याला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाला कावीळ. रक्त तपासलं तर कावीळ नाही. यांना साधं रक्त तपासता येत नाही.

१० नोव्हेंबर
बोटं नीट वळत नाहीत. दंडावर टिचकी मारली. टक् असा आवाज आला. पोकळ. छातीत पंख्यासारखी घरघर. मशीन नव्यासारखं पांढरंशुभ्र. मला भीती वाटतेय, लिहायला लाज वाटते पण वाटतेय.

११ नोव्हेंबर
लॉजच्या फोनवरून भावनाला फोन लावला. बायकोला नुसतं ये म्हणायचं होतं – तोंडातून घरघर. तिनं रॉंग नंबर म्हणून ठेवला. उद्या चतुराबाईंकडे. चिठ्ठी लिहिलीय. चुकलो, उत्तरपूजा करा, पाया पडतो.

१२ नोव्हेंबर
क्लासमध्ये. गयासोद्दीन उरलेली डबडी खोलतोय. मशीनही आणलंय. बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या छातीकडे बोट करून म्हणाल्या, त्यात आता काय बी न्हाई – देव इथं येऊन बसलाय. अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या. मग मला जागेवरून जरासं सरकवलं, मूर्ती सरकवतात तसं –

घरघर थांबली. पण कातडी तशीच. पाय उचलत नाहीत –

गयासोद्दीननं बाईंना विचारलं, बराबर झालं ना सगळं. त्या हो म्हणाल्या. तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्या पाठीमागे – अरे अडाण्या, मी माणूस आहे, लिहितोय, दिसत नाही तुला – तो बाईंना विचारतोय, आधी वरचा काढू का खाल